ओळीगणिक

पडद्याचे दोन भाग केलेले असतात. एका बाजूला एडिटर, त्यात मी लिहिलेल्या ओळी. दुसऱ्या बाजूला कन्सोल, त्यात 'आर' ही संख्याशास्त्राची संगणकभाषा चालू असते. कर्सर एका ओळीवर न्यायचा आणि कंट्रोल व एंटर ही बटणं एकत्र दाबायची. तेवढी एकच ओळ पलीकडे जाते, तिचं उत्तर तिच्याखाली उमटतं आणि कर्सर आपणहून पुढच्या ओळीवर येऊन उभा राहतो. पुढची ओळ तशीच पाठवायची, बदलून पाठवायची, की तिच्याआधी आणखी एक ओळ घालायची, हे उत्तर वाचून ठरवायचं. आरोग्य-सर्वेक्षणांच्या आकडेवारीचं माझं बरंचसं काम या एवढ्याशा हालचालीवर चालतं. तीत नवल काही नाही, आर वापरणारे बहुतेक जण हेच करतात. पण एक ओळ पाठवणं आणि पुढची पाठवणं यांच्यामध्ये जी जागा आहे, ती मला फार मोलाची वाटते. आकड्यांविषयीचा विचार, माझ्यापुरतं सांगायचं तर, तिथेच होतो.

सगळी फाइल एका दमात चालवता येतेच. शेवटचा तक्ता, शेवटचा आलेख हातात पडतो. अहवाल छापायला द्यायचा असतो तेव्हा मीही तसंच करते. पण तेवढंच केलं, तर मधल्या पायऱ्यांवर काय घडलं ते कुणी पाहिलेलं नसतं. दोन याद्या जोडताना काही माणसं गळली का? वयाच्या रकान्यात कुणी माहिती नाही म्हणून ९९९ भरून ठेवलं आहे का? गावाच्या नावापुढे टंकताना एक रिकामी जागा राहून गेली आणि त्यामुळे एकाच गावाचे दोन गट झाले का? यांतल्या कशासाठीही संगणक थांबत नाही. तो अडतो व्याकरणावर, कंस राहिला किंवा स्वल्पविराम चुकला तर. अर्थ चुकला तर तो बिनबोभाट पुढे जातो. ते माणसाच्या नजरेलाच दिसतं, आणि नजर टाकायची तर थांबावं लागतं.

याच्या दुसऱ्या टोकाला कन्सोलमध्येच थेट टाइप करत जाण्याची पद्धत आहे. तिला वेग आहे. मनात आलं की विचारलं, उत्तर आलं की पुढचं विचारलं. पण दुसऱ्या दिवशी त्यातलं फार थोडं हाताशी राहतं. वरचा बाण दाबत गेलं तर जुन्या ओळी सापडतात, पण त्यांतली कुठली कामाची होती, कुठली चाचपडण्यातली, कशापाशी मत बदललं, हे त्या ढिगातून उमगत नाही. एडिटरमधून ओळ पाठवली की प्रश्न लिहिलेला राहतो आणि उत्तर लगेच मिळतं. उत्तर पुसलं गेलं तरी चालतं, प्रश्न शिल्लक असला की ते पुन्हा मिळवता येतं.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते. आरबरोबर सरावासाठी काही माहितीसंच आयतेच मिळतात. त्यांतला 'एअरक्वालिटी' नावाचा संच शिकवायला घ्यावा असं मला नेहमी वाटतं. न्यूयॉर्क शहर, साल १९७३, मे ते सप्टेंबर असे १५३ दिवस. रोजचा ओझोन, सूर्यप्रकाश, वाऱ्याचा वेग आणि कमाल तापमान. ओझोन मोजला रूझवेल्ट बेटावर, दुपारी एक ते तीनच्या दरम्यान. वारा आणि तापमान लाग्वार्डिया विमानतळावरचं.

पहिली ओळ: वरचे सहा दिवस दाखव. दिसतं ते असं, की पहिल्या चार दिवसांचा ओझोन अनुक्रमे ४१, ३६, १२ आणि १८. पाचव्या दिवशी आकड्याच्या जागी 'एनए', म्हणजे नोंद नाही. सहाव्या दिवशी २८. शितावरून भाताची परीक्षा करू नये, असं आकडेवारीच्या बाबतीत मी नेहमी सांगते. पण कच्चं शीत दाताखाली आलं की झाकण उघडून बघावं, इतपत ते कामाचं असतं.

दुसरी ओळ: ओझोनची सरासरी काढ. उत्तर येतं 'एनए'. नव्यानं शिकणाऱ्यांना इथे वाटतं, की काहीतरी बिघडलं. मला मात्र हे उत्तर अतिशय सचोटीचं वाटतं. काही दिवसांचा ओझोन ठाऊकच नसेल, तर १५३ दिवसांची सरासरी ठाऊक आहे असं कसं म्हणायचं? गहाळ दिवस वगळून उरलेल्यांची सरासरी काढायची असेल, तर तसं आपण लिहून सांगायचं. स्प्रेडशीट रिकामी घरं न विचारता वगळतं. आर ते आपल्याकडून वदवून घेतं, आणि वगळण्याचा तो निर्णय त्या ओळीत आपल्या अक्षरात राहतो. तसं सांगितलं, की ४२.१३ हा आकडा मिळतो. हे आकडे अब्जांशांत आहेत, म्हणजे हवेच्या शंभर कोटी भागांत ओझोनचे इतके भाग.

इथे थांबलं तर अहवालात ४२ जाईल आणि कुणाला काही खटकणार नाही. पण उत्तराकडे पाहताना पुढचा प्रश्न आपोआप सुचतो. मध्यक किती? ३१.५. सरासरीपेक्षा बराच खाली. म्हणजे बरेचसे दिवस साधारण हवेचे आणि थोडे दिवस फार वाईट. कमाल किती? १६८. मग गहाळ दिवस एकूण किती? ३७. आणि ते कुठल्या महिन्यांत पडतात? मे ५, जून २१, जुलै ५, ऑगस्ट ५, सप्टेंबर १.

या उत्तरापाशी वर्गात हमखास कुणीतरी म्हणतं, "जूनचं काय झालं?" मी या प्रश्नाची वाट पाहत असते. तीस दिवसांच्या जूनमध्ये ओझोनची नोंद आहे फक्त नऊ दिवसांची. म्हणून पुढची ओळ लिहायची: जूनचे तीसही दिवस एकाखाली एक दाखव. महिन्याचे पहिले सहा दिवस कोरे. नंतर अधूनमधून आकडे. एकवीस तारखेपासून तीसपर्यंत पुन्हा सलग कोरे. तापमानाचा रकाना मात्र पूर्ण भरलेला आहे, आणि त्यात त्या महिन्यातले सगळ्यांत उष्ण दोन दिवस दिसतात, ११ आणि १२ जून, ९३ आणि ९२ अंश फॅरनहाइट, म्हणजे सेल्सिअसच्या हिशेबात ३३-३४. नेमक्या त्या दोन्ही दिवशी ओझोनचा रकाना रिकामा.

आता महिनावार सरासऱ्या काढल्या तर मे २३.६, जून २९.४, जुलै ५९.१, ऑगस्ट ६०.०, सप्टेंबर ३१.४. या पाच आकड्यांचा स्तंभालेख फार देखणा येतो. जूनमध्ये हवा बरी होती आणि जुलैत एकाएकी बिघडली, असं त्यावरून सहज लिहून जाईल कुणीही. पण ज्यानं वरच्या ओळी एकेक करून पाठवल्या आहेत, त्याचा हात ते वाक्य लिहिताना अडखळेल. २९.४ हा आकडा नऊ दिवसांच्या बळावर उभा आहे आणि उष्ण दिवस त्या नऊंत पुरेसे नाहीत, हे त्यानं पाहिलेलं असतं. जून खरोखरच बरा असेलही. या तक्त्यावरून ते ठरत नाही, एवढं त्याला समजलेलं असतं, आणि संख्याशास्त्रात ही समज लहान नाही.

आणखी एक ओळ. सगळे दिवस ओझोनच्या उतरत्या क्रमानं लाव आणि वरचे चार दाखव. २५ ऑगस्ट, १६८. १ जुलै, १३५. ७ ऑगस्ट, १२२. २९ ऑगस्ट, ११८. आपण तापमानाकडे पाहतो, कारण उष्णतेबरोबर ओझोन वाढतो हे ऐकलेलं असतं. पण १६८ च्या दिवशी पारा ८१ वरच आहे, जूनमधल्या कितीतरी दिवसांइतकाच. नजर शेजारच्या रकान्यात जाते. वारा: ताशी ३.४ मैल, ४.१, ४.०, २.३. पाच महिन्यांची वाऱ्याची सरासरी आहे जवळपास १०. चारही दिवस हवा पडलेली होती. गाड्यांच्या धुरातले वायू आणि ऊन यांच्यापासून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो, आणि वारा नसला की तो शहरावरच साचून राहतो. पुस्तकातलं हे वाक्य चार आकड्यांतून वर येताना पाहिलं, की मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्यासाठी मी शिकवते.

या सगळ्या मिळून डझनभर ओळी झाल्या असतील. त्यांतली सरासरीची ओळ सोडली तर एकही आधी ठरवलेली नव्हती. प्रत्येक ओळ तिच्या आधीच्या उत्तरातून निघाली. मध्यक पाहिला म्हणून कमाल विचारला, 'एनए' दिसलं म्हणून महिने मोजले, महिने मोजले म्हणून जून उघडला. ही फाइल तयार करून एकदम चालवली असती तर त्यात जून उघडण्याची ओळ असती कशी?

संगणकाच्या आधीच्या संख्याशास्त्रज्ञांना हे थांबणं आपोआप मिळत असे. रोनाल्ड फिशर १९१९ साली इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड इथल्या शेतकी प्रयोग केंद्रात रुजू झाले. त्यांच्या हाताशी 'मिलियनेअर' नावाचं, दांडा फिरवून चालवायचं गणकयंत्र होतं. वर्षानुवर्षांच्या गव्हाच्या पिकाचे आकडे त्यांच्या हाताखालून असे एकेक करून गेले. आपल्याकडे दामोदर धर्मानंद कोसंबींनी ठसे उमटवलेल्या 'आहत' नाण्यांचा अभ्यास केला, तो हजारो नाणी स्वतः काट्यावर तोलून. चलनात फिरताना नाणं झिजतं. जितकं जास्त फिरेल तितकं गटाचं सरासरी वजन उतरतं आणि वजनांतली तफावत वाढते. त्यावरून नाण्यांच्या गटांचा काळक्रम लावता येतो, हे त्यांनी दाखवलं. मला यात नेहमी जाणवतं ते असं, की ज्यानं प्रत्येक नाणं हातात घेतलं आहे, त्याला एखादं विजोड नाणं आकड्यांच्या यादीत येण्याआधीच कळलं असणार.

मग संगणक आले आणि काही काळ ही जागा बुजून गेली. प्रोग्रॅम कार्डांवर छिद्रं पाडून लिहायचा, कार्डांचा गठ्ठा संगणक केंद्राच्या खिडकीत द्यायचा, छापील कागद काही तासांनी, नाहीतर दुसऱ्या दिवशी घ्यायला जायचं. एका प्रश्नाच्या उत्तराला दिवस लागणार असेल तर माणूस एकच प्रश्न कशाला विचारेल? लागतील न लागतील ते सगळे तक्ते, सगळ्या कसोट्या एकदमच मागून घ्यायच्या. गणित अफाट वेगानं होऊ लागलं, पण आकडे आणि माणूस यांच्यात अंतर पडलं.

ते अंतर कमी करण्याचं काम अमेरिकेत न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये झालं. तिथे जॉन टुकी होते. आकड्यांपुढे आधीच ठरवलेलं उत्तर घेऊन जाऊ नये, ते आधी नीट न्याहाळावेत, हे ते आयुष्यभर सांगत आले. 'एक्स्प्लोरेटरी डेटा ॲनालिसिस' हे त्यांचं पुस्तक १९७७ चं, आणि त्यातलं बहुतेक सगळं कागद-पेन्सिलीनं करता येतं. त्याच संस्थेत ५ मे १९७६ रोजी काही सहकारी बसले. फोर्ट्रान या संगणकभाषेत लिहिलेले हिशेबाचे उत्तम प्रोग्रॅम त्यांच्यापाशी होते. पण एखादा लहानसा प्रश्न विचारायलाही नवा प्रोग्रॅम लिहावा लागे. जॉन चेंबर्स यांनी त्या बैठकीत एक आकृती काढली: मध्ये फोर्ट्रानचा हिशेब, आणि त्याच्याभोवती माणसाला सोयीचं पडेल असं आवरण. त्यातून 'एस' ही भाषा झाली. एक वाक्य टाइप करावं, उत्तर घ्यावं, उत्तर पाहून दुसरं वाक्य टाइप करावं, हा तिचा पायाच होता. १९९८ साली चेंबर्स यांना या कामासाठी एसीएम या संस्थेचा सॉफ्टवेअर पुरस्कार मिळाला. माझ्या मते त्यांनी संख्याशास्त्राला एखाद्या नव्या सूत्राइतकंच मोठं काही दिलं. विचार करायला वेळ दिला.

पुढची हकीकत न्यूझीलंडची. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांना आपल्या विद्यार्थ्यांच्या मॅकिंटॉश प्रयोगशाळेसाठी चांगलं सॉफ्टवेअर हवं होतं. त्यांनी एससारखी दिसणारी एक भाषा स्वतःच लिहायला घेतली, तीच आर. झुरिकच्या मार्टिन मेश्लर यांनी त्यांचं मन वळवलं आणि १९९५ साली ती सर्वांसाठी मोफत आणि खुली झाली. १.० ही आवृत्ती आली २९ फेब्रुवारी २००० रोजी. महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयातली मुलगी आज परवान्याचा एक रुपयाही न भरता जगातल्या कुठल्याही विद्यापीठाइतक्याच ताकदीचं साधन वापरते, त्यामागे हा एक निर्णय आहे. मला तो विसरावासा वाटत नाही.

हेच मेश्लर आणखी एका कामात होते, आणि माझ्या विषयाच्या ते अधिक जवळचं आहे. ईमॅक्स हा एडिटर संख्याशास्त्राच्या भाषांशी जोडणारं 'ईएसएस' हे साधन ज्यांनी घडवलं त्यांत ते एक. मी आर शिकले ती यावर. तिथे कंट्रोल-सी, कंट्रोल-एन असं दाबलं की ओळ पलीकडे जाते आणि कर्सर पुढे सरकतो. २०११ मध्ये आरस्टुडिओ आलं आणि कंट्रोल-एंटर सगळीकडे झालं, पण बोटांची मूळ सवय तिकडची. ईएसएस घडवणाऱ्यांची एक ठाम भूमिका होती. खरी वस्तू म्हणजे लिहिलेल्या ओळी. त्या चालवल्यावर संगणकाच्या स्मृतीत जे तयार होतं, तक्ते, सरासऱ्या, मॉडेलं, ते त्या ओळींचं तात्पुरतं रूप. ते जपून ठेवायचं नाही, ओळी जपायच्या. आर बंद करताना विचारतं, आतापर्यंतचं सगळं साठवून ठेवू का? मी नेहमी नाही म्हणते, आणि माझ्या हाताखाली शिकणाऱ्यांनाही नाही म्हणायला लावते. कष्टानं उभं केलेलं सगळं पुसून टाकायचं म्हटलं की पहिले काही दिवस त्यांच्या जिवावर येतं.

कारण या पद्धतीचा एक खरा धोका आहे, आणि तो सांगितल्याशिवाय तिचं कौतुक करणं बरोबर नाही. ओळी एकेक करून पाठवता येतात, म्हणजे त्या कुठल्याही क्रमानं पाठवता येतात. विसावी आधी, बारावी नंतर. एखादी ओळ चालवून मग फाइलमधून खोडताही येते. फाइलमधून ती गेली, पण तिनं तयार केलेलं स्मृतीत तसंच बसलेलं असतं, आणि पुढच्या ओळी बिनदिक्कत त्यावर उभ्या राहतात. आमच्याकडची एक तरुण संशोधक एका सकाळी लॅपटॉप घेऊन आली. आर सांगत होतं, की अमुक नावाचं काही सापडत नाही. ती म्हणाली, "मॅडम, काल चाललं होतं हो." चाललंच होतं. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रिया वेगळ्या काढणारी एक ओळ तिनं दुपारी चालवली होती आणि संध्याकाळी फाइल आवरताना काढून टाकली होती. रात्री आर बंद झालं, स्मृती रिकामी झाली, आणि सकाळी पोकळी दिसली. मी तिला म्हटलं, "बरं झालं गं, आजच कळलं. साठवून ठेवलं असतंस तर अहवाल छापून होईपर्यंत कळलं नसतं." आम्ही दोघींनी बसून ती ओळ पुन्हा लिहिली, आर बंद करून उघडलं आणि वरपासून खालपर्यंत एकेक ओळ चालवत गेलो. तीन ठिकाणी थांबलो. शेवटचा आकडा तोच आला. तेव्हा तिनं चहा मागवला.

म्हणून दिवसातून एकदा तरी आर नव्यानं सुरू करून फाइल पहिल्या ओळीपासून चालवायची, ही माझी रीत आहे. चालली तर काम खरं. स्मृतीत उरलेल्या कशाच्या तरी आधारावर चालत असेल तर ते काम अजून व्हायचं आहे.

हे सगळं मला इतकं महत्त्वाचं का वाटतं, त्याला अर्थशास्त्रातल्या एका प्रसंगाचाही हात आहे. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अभ्यासकांनी २०१० साली एक निबंध लिहिला. सरकारी कर्ज देशांतर्गत उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की विकासाचा वेग फार घसरतो, असा त्याचा आशय. प्रगत देशांसाठी त्या गटातली सरासरी वाढ त्यांनी दिली होती उणे ०.१ टक्का. युरोपात खर्चकपातीचा वाद पेटला होता आणि त्यात हा निबंध वारंवार पुढे केला गेला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याला अभ्यासाचा भाग म्हणून तेच आकडे पुन्हा काढायचे होते. ते जुळेनात. लेखकांनी त्याला आपलं स्प्रेडशीट दिलं, आणि हे देणं मोठेपणाचं होतं. त्यात सरासरीचं सूत्र ३० ते ४४ या ओळींचं होतं. यादी होती ४९ पर्यंत. वर्णानुक्रमे पहिले पाच देश त्या टप्प्याबाहेर राहिले होते: ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क. काही वर्षं वगळणं आणि देशांना दिलेला भार यांवरही त्यानं आणि त्याच्या प्राध्यापकांनी आक्षेप घेतले. २०१३ मध्ये त्यांनी सगळं जमेस धरून काढलेला आकडा होता अधिक २.२ टक्के. सूत्रातली चूक मूळ लेखकांनी मान्य केली. मुख्य निष्कर्षावर ते ठाम राहिले.

कोण बरोबर, हा वाद इथे मांडायचा नाही. मला दिसतं ते सूत्र. स्प्रेडशीटच्या एका घरात ते असतं, आणि त्या घरात आपल्याला दिसतो तो आकडा. सूत्र वाचायचं तर त्या घरावर मुद्दाम जाऊन क्लिक करावं लागतं. स्क्रिप्टमध्ये उलट आहे. तिथे डोळ्यांसमोर असते ती कृती, आणि आकडा मागवावा लागतो. 'सगळ्या देशांची सरासरी' ही ओळ लिहून तिच्याआधी 'देश किती ते मोज' अशी एक ओळ टाकली असती तर उत्तर आलं असतं १५, आणि वीस देशांची यादी समोर ठेवून बसलेला माणूस तिथे दचकला असता.

अलीकडे ओळी लिहायचं कामही यंत्रं करतात. हवं ते मराठीत सांगितलं तरी पाचपन्नास ओळींची नीटनेटकी स्क्रिप्ट क्षणात समोर येते. मी ती वापरते आणि तिच्यामुळे वाचलेल्या वेळाबद्दल मला समाधान आहे. पण ती आल्यावर मी एंटर दाबून शेवटाला जात नाही. कर्सर पहिल्या ओळीवर नेते. दुसऱ्यानं लिहिलेली ओळ आपण लिहिलेल्या ओळीपेक्षा सावकाश वाचावी लागते, कारण तिच्या आधीचं थांबणं आपण केलेलं नसतं. ही ओळ गहाळ नोंदी वगळते आहे का? वगळते तर किती? इथे दोन तक्ते जोडले, जोडण्याआधी किती माणसं होती आणि नंतर किती? अशी मोजणीची ओळ प्रत्येक जोडणीखाली मी घालतेच. आमच्या कामात तक्त्यातली एकेक ओळ म्हणजे एकेक बाई असते, एखाद्या आशाताईनं उन्हातान्हात घरी जाऊन, दाराशी बसून, विचारून लिहून घेतलेली. जोडणीत गळून गेली तर तिनं दिलेलं उत्तर वाया जातं. तिनं त्यासाठी चूल सोडून वेळ दिलेला असतो.

मध्यंतरी एका सर्वेक्षणाची फाइल मी नागपूरच्या सहकाऱ्याकडे तपासायला पाठवली होती. त्यांचा फोन आला. "ताई, मी तुमच्या ऐंशीव्या ओळीपर्यंत आलोय. इथे तुम्ही हिमोग्लोबिनचा मध्यक घेतलाय. वर तर सगळीकडे सरासरी आहे." मी माझ्या पडद्यावर तीच ओळ काढली. तिच्या वरच्या ओळीत आलेख होता. तो त्यांनी चालवला, मीही चालवला, आणि दोघांच्या पडद्यावर एकच चित्र उभं राहिलं: दोन गावांत फार कमी हिमोग्लोबिन असलेल्या काही बाया, त्यांच्यामुळे सरासरी खाली ओढली गेलेली. मी म्हटलं, म्हणूनच मध्यक घेतला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. पलीकडे बटणं वाजत होती. मग म्हणाले, "पण ताई, औषध तर याच बायांना पोचवायचंय ना? मध्यकात त्या दिसतच नाहीत." त्यांनी माझ्या ओळीखाली आणखी एक ओळ लिहिली: गावागणिक, सातपेक्षा कमी हिमोग्लोबिन असलेल्या किती. तिचं उत्तर आम्ही फोनवरच एकमेकांना वाचून दाखवलं. माझी ओळ तशीच ठेवली, त्यांची तिच्याखाली राहिली, आणि अहवालात दोन्ही आकडे गेले.